हसण्याआधी जरा मिरा रोड आठवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकन म्हाताऱ्यांच्या ऑनलाइन फसवणुकीवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी फारच मजा घेतलीय. गिफ्ट कार्डाने इन्कम टॅक्स भरतात म्हणे, स्क्रीनवर लाल खिडकी आली की घाबरून फोन लावतात म्हणे, एवढी मोठी महासत्ता आणि माणसं एवढी भोळी, हा हा हा. मी काल काही बोललो नाही, पण रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून आज सकाळी चहा घेता घेता टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे ते फोन करत कोण होतं, हे अख्ख्या लेखात कुठेच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडला धाड घातली ते विसरलात का? शेकडो पोरंपोरी रात्रभर हेडफोन लावून इथल्या, म्हणजे मी राहतो त्या अमेरिकेतल्या, लोकांना "इन्कम टॅक्स खात्यातून बोलतोय, आत्ता पैसे भरा नाहीतर पोलिस दारात येतील" असं धमकावत होती. अहमदाबादच्या असल्याच कॉल सेंटरांवरून तर इकडे ह्यूस्टनच्या कोर्टात केस चालली, २०१८ मध्ये २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंत. एवढं सगळं पेपरात येऊन गेलेलं असताना आपण हसायचं कुणाला? ज्याला लुटलं त्याला!

आता आमच्या शेजारच्या बाईंचं सांगतो. ऐंशी पार, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, सुपरमार्केटची पावती दुकानाच्या दारातच उभं राहून तपासतात. म्हणजे तुमच्या लेखातल्या भोळ्या आजी नव्हेत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक दिवस स्क्रीनभर लाल पान आलं, भोंग्यासारखा आवाज, माउसने काही बंद होईना, मधोमध फोन नंबर. ते नुसतं एक वेब पेज असतं फुल स्क्रीन केलेलं, व्हायरस बियरस काही नसतो, पॉवरचं बटण दाबून धरलं तरी विषय संपतो, पण हे त्यांना कोण सांगणार. नंबर लावला. पलीकडच्या मुलाने गोड बोलून स्क्रीन बघायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, मग म्हणाला तुमचं २०० डॉलर रिफंड निघतंय, बँकेत लॉगिन करा. आणि यांच्याच सेव्हिंगमधले २० हजार यांच्याच चेकिंगमध्ये, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्यात, सरकवले. यांना दिसलं काय, तर चेकिंगला २० हजार जमा. की लगेच तो मुलगा रडायला लागला, मॅडम दोन शून्यं जास्त पडली हो, माझी नोकरी जाईल, वरचे तेवढे परत पाठवा. दुसऱ्याचे पैसे आपल्याकडे नकोत म्हणून बाई स्वतः गाडी चालवत बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं कशासाठी, यांनी त्या मुलाने पढवल्याप्रमाणे "घराचं काम काढलंय" सांगितलं, वायर ट्रान्सफरने पैसे गेले.

नंतर तक्रारीचा फॉर्म भरायला मी सोबत गेलो, कारण त्यांचा मुलगा टेक्सासला असतो. मॅनेजरने एकदा माझ्याकडे बघितलं, बाईंना बाजूला घेतलं आणि मला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, या माणसाला तुम्ही कधीपासून ओळखता, हा तुमच्यावर दबाव तर आणत नाही ना. मग माझं लायसन्स मागितलं. २० हजार जाताना एक प्रश्न, आणि माझ्या इंग्रजीतलं पहिलं वाक्य कानावर पडताच सरबत्ती! बाई भडकल्या, म्हणाल्या हा दर हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ काढतो. मी आपला गप्प उभा. मॅनेजरला तरी काय बोलणार, त्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवलेलंच असणार की म्हाताऱ्या ग्राहकाबरोबर अनोळखी माणूस आला की सावध व्हा, पण राग आला तो आलाच आणि अजून गेलेला नाही. मिरा रोडच्या त्या पोरांनी इथे किती जणांच्या उच्चारावर डाग लावून ठेवलाय हे त्यांच्या गावीही नसेल.

बँकेचं उत्तर ठरलेलं, पैसे तुम्ही स्वतः सही करून पाठवलेत. इथला मूळ कायदा १९७८ चा, तुमच्या नकळत कुणी खात्यातून पैसे काढले तर बँक देते, पण फसवून तुमच्याच हातून पाठवायला लावले तर तुम्ही आणि तुमचं नशीब. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून देशातल्या देशात झालेल्या अशा ट्रान्सफरला ८५ हजार पौंडांपर्यंत बँकांनीच भरपाई द्यायची असा नियम झालाय. एफबीआयकडे २०२४ मध्ये साठीपुढच्या लोकांनी नोंदवलेलं नुकसान जवळपास ४९० कोटी डॉलर आहे, आणि हे फक्त ज्यांनी लाज बाजूला ठेवून तक्रार केली त्यांचं. ओहायोत मार्च २०२४ मध्ये तर अशाच धमक्यांच्या फोनने पिसाळलेल्या ८१ वर्षांच्या माणसाने दारात पार्सल न्यायला आलेल्या उबरच्या ड्रायव्हर बाईला गोळ्या घातल्या, ती मेली. तिलाही त्या भामट्यांनीच पाठवलं होतं, तिला कसलाच पत्ता नव्हता. यात विनोद कुठे बसतो ते लेखकांनी सांगावं.

आणि आपल्याकडे काय वेगळं चाललंय? खोट्या सीबीआयवाल्यासमोर व्हिडिओ कॉलवर बसून राहिलेले डॉक्टर, रिटायर्ड साहेब लोक, सगळे शिकलेसवरलेलेच ना? शेवटी पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं की डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नसतं. या फसलेल्यांवर विनोदी लेख आल्याचं मला तरी आठवत नाही. ते आपले काका-मामा, म्हणून "बिचारे". हे परके, म्हणून "भोळे". वा!

जाता जाता अजून एक. पत्र लिहिण्याआधी लेख परत बघावा म्हणून तुमची वेबसाइट उघडली तर दुसऱ्या परिच्छेदावरच जाहिरात येऊन बसली, "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला आहे, लगेच क्लीन करा", शुद्ध मराठीत, आणि बंद करायची फुली मोहरीएवढी. फसवणुकीच्या लेखावर ही जाहिरात! मी पैसे भरून ई-पेपर वाचतो तरी साइटवर हे आहेच. मागे मेल केला होता, त्यावर "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" असं ऑटोमॅटिक उत्तर आलं आणि जाहिरात होती तिथेच आहे. जाहिरात विभागात कुणी माणूस बसत असेल तर त्याचा फोन नंबर कळवावा, मी इथून लावतो, कॉलचा खर्च माझा.

आपला एक जुना वाचक,
एडिसन, न्यू जर्सी