बाळंतिणीच्या डब्याबद्दल, शेजारच्या ह्मोंग आजींना

प्रिय आजी,

हे पत्र मी मराठीत लिहितेय. तुमची नात ते माझ्याकडून इंग्रजीत ऐकेल आणि तुम्हाला तुमच्या ह्मोंग भाषेत सांगेल. गेली तीन वर्षं आपलं सगळं बोलणं याच वाटेने चाललंय, नाहीतर हातवाऱ्यांनी. मराठीत लिहिते, कारण हे माझ्या माणसांनीही वाचावं असं मला वाटतं. इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलच्या शेतकरी बाजारात आम्ही तुमच्या, लाओसच्या डोंगरांतून आलेल्या ह्मोंग लोकांकडून कारली, गवती चहा, चवळीच्या कोवळ्या शेंगा घेतो आणि घरी येऊन ‘त्या चायनीज बायकांकडून आणलं’ म्हणतो. मीसुद्धा म्हणायचे. त्याची मला लाज वाटते.

2022च्या नोव्हेंबरात माझी मुलगी झाली. आईच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच मिळत नव्हती. सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपणारा नव्हता. नवऱ्याची दोन आठवड्यांची रजा संपली आणि बाहेर बर्फ असताना मी त्या घरात तान्ह्या बाळासोबत एकटी उरले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तुम्ही मला तोवर फक्त जिन्यात दिसायचात.

त्या दिवशी दार वाजलं. तुमच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं होतं आणि मागे अवघडून उभी असलेली नात. झाकण काढलं तर पातळ, पिवळसर रस्सा, त्यात कोंबडीचे तुकडे आणि कसलातरी हिरवा पाला. सोबत वाफाळता भात. नात म्हणाली, “आजी म्हणते, तीस दिवस हेच खायचं. आणि गार पाणी प्यायचं नाही.” ओट्यावर माझा बर्फाच्या पाण्याचा पेला होता, तो तुम्ही न विचारता उचलून मोरीत ओतलात.

मला रडू फुटलं. आमच्याकडेही सव्वा महिना बाळंतिणीला गार पाणी देत नाहीत, आजी. कान बांधतात, शेक देतात, अळीव-डिंक खायला घालतात. बाळंत झाल्या झाल्या मला बर्फ घातलेलं पाणी दिलं होतं, त्या वेळी आईची आठवण येऊनही मी मुकाट्याने प्यायले होते. तुमचं ते पाणी ओतणं बघून वाटलं, आपल्या घरचं कुणीतरी आलं.

तीस दिवस डबा आला. एकही खाडा नाही. तो पाला तुम्ही खिडकीशी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत वाढवता, हे मला नंतर कळलं. उणे पंधरात बाहेर काही उगवत नाही, म्हणून घरातली सगळ्यात उजेडाची जागा तुम्ही त्याला दिली आहे. बाळाच्या मनगटाला तुम्ही पांढरा दोरा बांधलात, काहीतरी पुटपुटलात. जीव शरीराला धरून राहावा म्हणून, असं नातीने सांगितलं. व्हिडिओवर बघून आईने विचारलं, “दृष्टीचा आहे का गं?” मी हो म्हटलं.

तुम्ही का आलात, हे विचारायला मला वर्ष लागलं. तुमच्या बैठकीत भिंतीवर भरतकाम केलेलं कापड आहे, निर्वासितांच्या छावणीत असताना तुम्हीच शिवलेलं. वर डोंगर, शेतं, विमानं. खाली आडवी निळी पट्टी, आणि तिच्यात काखेत बांबूच्या मोळ्या धरलेली बोटभर माणसं. ती मेकाँग नदी. लाओसमध्ये तुमच्या लोकांना अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने 1961पासून लढायला उभं केलं. 1975च्या मे महिन्यात लाँग तिएंगच्या तळावरून विमानांनी थोड्या लोकांना नेलं आणि बाकीचे मागे राहिले. तुम्ही 1979 साली एका रात्री ती निळी पट्टी ओलांडलीत. थायलंडमधल्या बान विनाई छावणीत थोरली लेक झाली. तेव्हा आई नव्हती, पण जावा होत्या.

दुसऱ्या वेळी मात्र तुम्ही अमेरिकेत होतात. निर्वासितांचा भार एकाच गावावर पडू नये म्हणून सरकार त्यांना देशभर पांगवत होतं, एकेका कुटुंबाची जबाबदारी एकेक चर्च घेत होतं. चर्चमधली माणसं चांगली होती, कोट दिले, भांडी दिली, हे तुम्ही दर वेळी आवर्जून सांगता. पण त्या गावात दुसरं ह्मोंग घर नव्हतं. तुमच्यात अठरा कुळं आणि एका कुळात सोयरीक होत नाही, आमच्या सगोत्रासारखंच. सुखदुःखाला धावायचं ते कुळाने. ते कुळ चार राज्यांत विखुरलेलं. दवाखान्यात तुमच्यापुढे गार सँडविच आणि बर्फाचं पाणी ठेवलं. तुम्ही दोन दिवस काही खाल्लं नाही. ते का, हे सांगायला तुमच्याकडे शब्द नव्हते. रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्याने कोटाच्या आत लपवून भात आणला, तो तुम्ही पांघरुणाखाली खाल्लात.

हे सांगताना तुम्ही निवांत कोथिंबीर निवडत होतात. मला मात्र पुढचं ऐकवेना.

पुढे गाडीत सामान भरून तुम्ही दिराकडे सेंट पॉलला आलात. तुमच्यासारखी हजारो कुटुंबं अशीच आपापल्या माणसांमागे आली, म्हणून आज अमेरिकेत एवढे ह्मोंग दुसऱ्या कुठल्या महानगरात नाहीत. थोरली लेक नऊ वर्षांची असल्यापासून डॉक्टरांचं बोलणं तुम्हाला उलगडून सांगायची. लेकराच्या तोंडून स्वतःचं दुखणं सांगावं लागायचं, याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं. 2000 साली कायदा झाला आणि लाओसमध्ये लढलेल्यांना व त्यांच्या बायकांना नागरिकत्वाची परीक्षा दुभाषा घेऊन देता आली. तो कागद तुम्ही पत्र्याच्या डब्यात ठेवलाय, पाल्याच्या बियांच्या पुड्यांसोबत.

2025 साली 1975ला पन्नास वर्षं झाली. इथे कॅपिटॉलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या आवारात लाओसमधल्या लढवय्यांचं स्मारक आहे, बांबूच्या कोंबासारखं. त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. पण त्या कोंबापाशी उभी असताना माझ्या मनात सारखं तुमचं भांडं येत होतं. मी या देशात पासपोर्ट, नोकरी आणि परतीचं तिकीट घेऊन आले. तुमच्या येण्याशी माझ्या येण्याची बरोबरी होऊच शकत नाही. तरी त्या महिन्यात मला सांभाळलं ते तुम्ही. तुमच्यासाठी त्या दवाखान्यात कुणी आलं नव्हतं, आणि जिन्यात माझं पोट दिसल्यापासून तुम्ही दिवस मोजत होतात, हे मला नातीने सांगितलं.

उआ त्साउ, आजी. तुमच्या भाषेतलं धन्यवाद. उच्चार अजून जमत नाही, तुम्ही हसता. मुलीला जमतो.

परवा पाठवलेलं भांडं माझ्याकडेच आहे. आमच्यात शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत देत नाहीत. शनिवारी अळिवाची खीर घेऊन वर येते. गरमच आणीन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची