भाल्यांनी मशीनगन कशा घेतल्या

चि. गार्गीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

23 सप्टेंबरच्या, हैफाच्या लढाईवरच्या भाषणाचा तुझा मसुदा मिळाला. ‘भाले-तलवारी घेऊन आपले स्वार मशीनगनवर तुटून पडले’ हे वाक्य त्यात तीन ठिकाणी आहे. खोटं काहीच नाही, पण तेवढंच सांगितलंस तर ऐकणाऱ्यांना वाटेल, शूर होते पण अविचारी होते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिल्या महायुद्धात, 23 सप्टेंबर 1918 ला, पॅलेस्टाइनमधलं हैफा शहर तुर्कांकडून घेतलं ते कसलेल्या, हिशेबी घोडदळाने. तो हिशेब भाषणात यायला हवा, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पलटणी नीट मांड. ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या 15व्या इम्पिरियल सर्व्हिस कॅव्हलरी ब्रिगेडमध्ये जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांचे लान्सर, म्हणजे भालाईत स्वार, होते. प्रत्यक्ष हैफाच्या चढाईत मुख्य वाटा जोधपूर आणि म्हैसूरचा. जोधपूरचे लान्सर 1914 पासून फ्रान्समध्ये होते. तिथे खंदक आणि काटेरी तारा, त्यामुळे घोड्यावरून लढायची वेळ क्वचितच यायची. 1918 मध्ये त्यांना पॅलेस्टाइनला आणलं. जोधपूरच्या मेजर दलपतसिंहांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं तो हैफाबद्दल नव्हे, त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्डन खोऱ्यात केलेल्या कामगिरीबद्दल. तुझ्या मसुद्यात हे उलट झालंय, दुरुस्त कर.

आता जमीन. नकाशा समोर ठेवून बोल, नाहीतर काही कळणार नाही. अफुल्याहून हैफाला येणारा रस्ता कार्मेल डोंगराच्या पायथ्याने येतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे किशोन नदी आणि तिची दलदल, आणि मधून जेमतेम चिंचोळी वाट. डोंगरावर तोफा, वाटेच्या तोंडावर मशीनगन. आदल्या दिवशी चिलखती गाड्या घेऊन शहराकडे गेलेली तुकडी याच माऱ्यामुळे मागे फिरली होती.

ब्रिगेडने काय केलं ते क्रमाने बघ. दुपारी पावणेबाराच्या सुमारास म्हैसूरचं एक स्क्वॉड्रन, म्हणजे घोडदळाची एक तुकडी, दोन मशीनगन घेऊन कार्मेलच्या चढाला लागलं. काम एकच, डोंगरावरच्या तोफा बंद पाडायच्या. म्हैसूरचे आणखी काही स्वार उत्तरेकडून शत्रूला गुंतवायला पाठवले. शेरवूड रेंजर्स या ब्रिटिश घोडदळाचं एक स्क्वॉड्रन मागाहून डोंगराकडे मदतीला गेलं. ब्रिगेडबरोबरची ऑनरेबल आर्टिलरी कंपनी या ब्रिटिश पलटणीची तोफांची बॅटरी खालून तोफा डागत होती. एवढं सगळं लागल्यावर, दोन वाजता, जोधपूरचे लान्सर सुटले. म्हणजे भाला पुढे झाला त्याआधी दोन तासांहून अधिक काळ तोफा आणि मशीनगन त्याच्यासाठी राबत होत्या. डोंगर चढताना म्हैसूरकरांचे घोडे दगडांवर लंगडे होत गेले आणि शेवटच्या हल्ल्याला मूठभर स्वार उरले. तरी त्यांनी तोफा घेतल्या.

खाली मात्र बेत फिसकटला होता. जोधपूरच्या स्वारांना नदी ओलांडून जायचं होतं. पुढे पाहणीला गेलेल्यांचे घोडे काठच्या रुतणाऱ्या वाळूत फसले आणि समोरून गोळ्या सुरू झाल्या. अशा वेळी थांबलं की संपलं. पुढच्या स्क्वॉड्रनने वेग न मोडता घोडे डावीकडे वळवले, कार्मेलच्या उतारावरून जाऊन मशीनगनच गाठल्या, आणि वाट मोकळी झाली. मागची स्क्वॉड्रनं त्या वाटेने सरळ शहरात घुसली. दलपतसिंह याच धुमश्चक्रीत पडले. माझ्या मते त्या दिवसाचा सगळा निकाल या एका वळणात आहे. गोळीबारात, भरधाव, शेकडो घोडे एका इशाऱ्यावर वळवणं ही वर्षानुवर्षांच्या कवायतीची कमाई असते. भाषणात इथे थांब, घाई करू नकोस.

मशीनगनने त्यांना का अडवलं नाही, हा प्रश्न नक्की येईल. मशीनगनची दृष्टिपट्टी, म्हणजे नेम धरायची खूण, एका अंतरावर लावलेली असते. भरधाव घोडा मिनिटाला 400 मीटर किंवा त्याहून जास्त कापतो. म्हणजे गनची पट्टी बदलून नेम धरेपर्यंत लक्ष्य शंभर-दोनशे मीटर पुढे आलेलं असतं आणि गोळ्या डोक्यावरून जातात. त्यातच खालून आपल्या तोफा चालू असल्या, धूळ उडत असली, की गनवाल्याचा हात डगमगतो. शिवाय गोळी लागलेला घोडा लगेच पडतोच असं नाही. त्या दिवशी कितीतरी घोडे गोळ्या खाऊनही स्वाराला शत्रूपर्यंत घेऊन गेले आणि मग कोसळले.

‘उतरून बंदुकीने का लढले नाहीत?’ असंही कुणी विचारेल. घोडदळ पायउतार झालं की चौघांतला एक घोडे धरायला मागे राहतो. 400 स्वारांच्या 300 बंदुका होतात, त्याही उघड्या मैदानात सरपटत जाणार. चिंचोळ्या वाटेत वेग हीच ढाल होती.

आणि घोड्यांबद्दल तुझ्या मसुद्यात एक ओळसुद्धा नाही! 19 सप्टेंबरला तुर्कांची फळी फुटल्यापासून हे घोडे सतत चालत होते. स्वार, खोगीर, बंदूक, काडतुसं, तोबरा, चंदी, जादा नाल असं सारं धरून पाठीवर सव्वाशे किलोच्या घरात ओझं. घोड्याला उन्हात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. पाणी आधी आणि चंदी नंतर द्यायची, उलटं केलं तर पोट फुगून घोडा लोळतो. वाळूत टाकलेली वैरण खाल्ली तर वाळू पोटात साठून पुन्हा तेच. दर तासाच्या थांब्याला स्वाराने उतरायचं, तंग सैल करायचा, खुरातले खडे काढायचे, काही वेळ लगाम धरून पायी चालायचं. खोगिराखालच्या घोंगडीला एक सुरकुती राहिली तर पाठीवर जखम होते, आणि ती भरायला आठवडे लागतात. तेवढे दिवस तो स्वार लढाईतून बाद. दोन वाजता सुटायला घोडे शिल्लक होते ते या कामामुळे.

आकडे असे: सुमारे 1350 कैदी, 17 तोफा, 11 मशीनगन. आपले 8 मृत्युमुखी, 34 जखमी. घोडे 60 मेले, 83 जखमी झाले.

तुझा शेवट दिल्लीच्या तीन मूर्तींवर आहे. तो काढू नकोस, 1922 चं ते स्मारक या तिन्ही संस्थानांच्या सैनिकांचंच आहे. पण त्याआधी 26 ऑक्टोबर 1918 घाल. सीरियात अलेप्पोच्या पुढे हरितानला हेच म्हैसूर आणि जोधपूरचे लान्सर, हेच भाले. समोरची पिछाडीची तुकडी वाटली होती त्याहून कितीतरी मोठी निघाली, हैफासारखी तोफांची साथ नव्हती. म्हैसूरचे स्वार शत्रूला भिडले, पण जागा घेता आली नाही. 21 जण मारले गेले, त्यांत लेफ्टनंट कर्नल होल्डन होते. चारच दिवसांनी मुद्रोसला तुर्कांशी युद्धबंदीचा करार झाला. शौर्यात हैफापेक्षा तसूभर कमी नाही, फरक होता तो पाहणीचा आणि तोफांचा. हैफा आणि हरितान शेजारी ठेवलेस तर तुला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एक राहिलं. दमास्कसनंतर हिवताप आणि इन्फ्लुएंझाने या घोडदळाची गोळ्यांपेक्षा जास्त माणसं निकामी केली. वेळ असेल तर हेही घे, आणि घोड्यांचे आकडे माणसांच्या आकड्यांना लागूनच वाच, वेगळ्या पानावर टाकू नकोस.

तुझी,
आई