हिशेब मागणे म्हणजे अभिषिक्ताला हात लावणे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारले होते की, ख्रिस्ती धर्मपुढाऱ्यांच्या जमीन-पैशांच्या भानगडी छापून येतात तेव्हा त्यांच्याच समाजातले लोक तोंडात मिठाची गुळणी धरून का बसतात. प्रश्न झोंबला, पण खोटा नाही. मी मिरजेचा, जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. नोकरी बँकेत झाली आणि काही वर्षे मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, खजिनदारपदही सांभाळले. तेव्हा उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार आहे असे समजतो.

गप्प बसण्यामागे भीती, भीड असतेच, पण त्याहून जास्त बायबलमधले एक वचन असते. वार्षिक सभेत कोणी हिशेबाची वही मागितली की मागच्या बाकावरून आवाज येतो, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका." अभिषिक्त म्हणजे देवाने निवडलेले, इथे आमचे पाळक, धर्मगुरू. सभा तिथेच थंड होते. हे वचन १०५व्या स्तोत्रातले आहे आणि तिथे वहीखात्याचा संबंधच नाही. अब्राहाम, इसहाक, याकोब हे मूठभर लोक परमुलखात भटकत होते, तेव्हा देवाने तिथल्या राजांना दिलेली ती ताकीद आहे. बळजोरांनी निराश्रितांना छळू नये म्हणून आलेले शब्द आपण खुर्चीवर बसलेल्याच्या बचावाला वापरतो, आणि वर त्याला भक्ती म्हणतो.

शौल आणि दावीद या दोन्ही राजांचा अभिषेक ज्याच्या हातून झाला, तो संदेष्टा शमुवेल स्वतः काय करतो ते वाचावे. म्हातारपणी तो सगळ्या लोकांपुढे उभा राहतो आणि आपणहून विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचे गाढव घेतले? कोणाला ठकवले? कोणाकडून लाच घेऊन डोळेझाक केली? सांगा, म्हणजे परत करतो. लोक काहीच निघत नाही म्हणाल्यावर तो परमेश्वराला आणि नव्या राजाला साक्षी ठेवतो. निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे घेण्याऐवजी नादेय प्रमाणपत्र मागणारा असा पुढारी मी तरी दुसरा वाचलेला नाही. आणि त्याच शमुवेलाची मुले बैर-शेबा इथे न्यायाधीश होऊन लाच खात होती, हेही शास्त्राने चार अध्याय आधीच सांगून टाकले आहे. झाकपाक केलेली नाही.

प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला मंडळीच्या अध्यक्षाविषयी जी यादी लिहिली, ती आमच्याकडे दीक्षाविधीच्या वेळी हमखास वाचली जाते. अदूष्य, नेमस्त, अतिथिप्रिय, मद्यपी नसलेला, मारका नसलेला, द्रव्यलोभ न धरणारा, आपल्या घराची व्यवस्था चांगली ठेवणारा. इथपर्यंत लोक माना डोलावतात. शेवटची अट मात्र कानाआड जाते: बाहेरच्या लोकांतही त्याच्याविषयी चांगली साक्ष असावी. मंडळीचा कारभार पाहणारे पंच निवडताना आम्ही काय पाहतो? आडनाव, नोकरी, प्रार्थना किती लांब करतो, देणगीचा आकडा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला जाऊन कोणी विचारले आहे का, की या साहेबांची उधारी किती महिन्यांची आहे? घरमालकाला, सोसायटीच्या वॉचमनला, घरी भांडी घासणाऱ्या मावशींना? खरी साक्ष त्यांच्याकडे असते. त्यांना आपल्या स्तोत्रांतले काही कळत नसेल, पण माणूस कळतो.

मिरजेत हे वेगळे सांगायला नको. मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उभे केले. त्यांची साक्ष चर्चमधल्या बाकांवर बसणाऱ्यांपुरती राहिली नाही. शस्त्रक्रियेसाठी येणारे बहुसंख्य रोगी ख्रिस्ती नव्हतेच. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीचे नाव घेणाऱ्या रिक्षावाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला त्या डॉक्टरांचा पंथ ठाऊक नसतो, नाव मात्र रोज तोंडी असते.

आता पैशाकडे येतो, कारण बहुतेक भानगडी तिथेच होतात. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे, आणि तीस वर्षे सचोटीने काम केलेल्या कॅशियरलाही त्यात कधी अपमान वाटला नाही. मंडळीत मात्र दुसरी किल्ली मागितली की विश्वास उडाल्याचा गवगवा होतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून पाहा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोचवायची होती. पौलाने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही लिहिले की, एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये, प्रभूच्या दृष्टीने चांगले ते करतोच, माणसांच्या दृष्टीनेही करतो. जिथे खुद्द पौलाला दुसरा माणूस लागला, तिथे तुमच्या-आमच्या पाळकसाहेबांना का लागू नये?

मी खजिनदार असताना उपासना संपली की अर्पणाच्या पिशव्या वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीतल्या, टेबलावर उलट्या व्हायच्या. दोघे मोजायचे, तिसरा लिहायचा, नाण्यांच्या चळती लागायच्या, फाटकी नोट निघाली तर तीही नोंदली जायची, आणि तिघांच्या सह्या झाल्याखेरीज कोणी चहाला हात लावत नसे. वीस मिनिटांचे काम. ही पद्धत सगळीकडे नाही. काही ठिकाणी पिशवी सरळ एका घरी जाते. आणि आता तर व्यासपीठाच्या खांबाला क्यूआर कोड चिकटवलेला असतो. एका मंडळीत पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथे मी तो स्कॅन केला तर पडद्यावर मंडळीचे नाव आलेच नाही, एका व्यक्तीचे आले. बाजूच्या गृहस्थांना विचारले तर म्हणाले, "सोयीसाठी आहे हो." सोय कोणाची, ते मी विचारले नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे असतात, आणि ३६व्या कलमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. मिशनच्या काळातल्या मोक्याच्या जागा आज कोट्यवधींच्या झाल्या आहेत, त्यामुळे हे कलम विश्वासणाऱ्यांनी दहा आज्ञांइतके नाही तरी त्यांच्या खालोखाल पाठ करायला हरकत नाही. तसेच मुलांच्या बाबतीत. संडे स्कूलमध्ये वा वसतिगृहात काही वाईट घडल्याचे कळले, तर 'आपण मंडळीतच मिटवू' म्हणण्याची मुभा कोणालाच नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

मोठ्या नावांची भुरळ आपल्याला फार. चेन्नईत जन्मलेले आणि जगभर गाजलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस मे २०२० मध्ये वारले, तेव्हा इंग्रजी ऐकणाऱ्या आमच्या कितीतरी तरुणांनी स्टेटसला त्यांचे फोटो ठेवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल बाहेर आला आणि स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनाचे जे तपशील पुढे आले, ते या पानावर लिहिण्यासारखे नाहीत. मला त्याहून लागले ते वेगळेच. २०१७ मध्येच कॅनडातल्या एका महिलेने तक्रार केली होती. झकरायस यांनी तिच्यावर आणि तिच्या पतीवर उलट दावा ठोकला, तो गुप्ततेच्या अटीवर मिटला, आणि चाहत्यांनी नेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. याउलट अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी आपल्या तीन-चार सहकाऱ्यांबरोबर बसून आधीच ठरवून घेतले होते: पैशाचा व्यवहार स्वच्छ ठेवायचा, परस्त्रीबरोबर एकट्याने राहायचे नाही, स्थानिक मंडळ्यांवर टीका करायची नाही, आणि सभेला आलेल्यांचे आकडे फुगवून सांगायचे नाहीत. शेवटचा मुद्दा वाचून मला हसू आले. आमच्याकडे तंबूत तीनशे खुर्च्या असतात आणि अहवालात दोन हजार आत्मे.

पण पुढाऱ्यांवर एवढे लिहून विश्वासणाऱ्यांना सोडून दिले तर ते अर्धेच होईल. कापणीचा सण आमच्याकडे मोठा. तासगावकडची द्राक्षे, हळदीची पोती, गुळाची ढेप, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेले कोंबडे, सगळे वेदीपुढे मांडतात, आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एकवार, दोनवार करत बोली चढते. दीडशेचा भोपळा आठशेला जातो, टाळ्या पडतात, बोली जिंकणारा मागे वळून बायकोकडे पाहतो. मग वहीत नाव लागते आणि समोर लिहिले जाते 'बाकी'. ती वही माझ्याकडे असायची. साडेसातशेला गेलेला कोंबडा त्याच दुपारी शिजला, पैसे मात्र ईस्टर उलटला तरी आले नाहीत. आठवण करून द्यायला गेलो तर त्या गृहस्थांनी मला क्षमेवर प्रवचन दिले. पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या डोंगरावर कोण राहील याचे उत्तर आहे. त्यात स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेला शब्द न फिरवणारा माणूस येतो. म्हणजे कोंबड्याचे पैसे देणारा. अशांच्याच मतांवर पंच निवडून येतात, मग पंचांकडून निष्कलंकपणाची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

याच जातीचा दुसरा रोग निनावी पत्रांचा. निवडणूक जवळ आली की बिशपांच्या कार्यालयात पाकिटे जाऊ लागतात. पाळकाचे चारित्र्य, पाळकबाईंच्या साड्या, मुलाच्या मोटारसायकलचा हप्ता, सगळे त्यात असते, फक्त सही नसते. पौलाने दोन्ही बाजू बांधून दिल्या आहेत. दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यावरचा आरोप घेऊ नको, आणि पाप करीत असतील त्यांचा सर्वांदेखत निषेध कर. आम्ही पहिले पाळत नाही आणि दुसरे तर मुळीच नाही. शिवाय खेड्यातल्या पाळकाचा पगार तीन-तीन महिने थकवायचा, त्याच्या मुलीच्या फीच्या वेळी खिशात हात घालून आकाशाकडे पाहायचे, आणि त्याने द्रव्यलोभ धरू नये म्हणायचे, हा दुटप्पीपणा झाला.

निष्कलंक म्हणजे देवदूत, अशी समजूत करून घेतल्यामुळेही घोळ होतो. तसा माणूस सापडत नाही, मग आहे त्याची चूक झाकण्यात शक्ती जाते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांकडे पाहावे. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोन वर्षांत ते वारले. त्यांचा संताप, लहर, विसराळूपणा, पैशाच्या बाबतीतला भोळा उधळेपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काहीही न लपवता लिहून ठेवला. घरातल्या माणसाइतका कडक लेखापरीक्षक नसतो. एवढे सगळे वाचूनही टिळक लबाड होते असे कोणा वाचकाच्या मनात येत नाही. मला पुढाऱ्यांकडून एवढेच हवे आहे की त्यांच्या घरच्यांनी खरे लिहिले तरी आम्हाला मान खाली घालावी लागू नये.

पत्रलेखकांना विनंती की त्यांनी आमच्या वार्षिक सभेनंतर कधीही यावे. आमच्या मंडळीचा तपासलेला ताळेबंद आवारातल्या फलकावर लावलेला असतो, आणि बाहेरच्या माणसाने तो वाचला तर आम्हाला आनंदच आहे. आपल्यालाही एक विनंती, संपादक महाराज. पाळकावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आपण पहिल्या पानावर देता, ते योग्यच आहे. त्या खटल्याचा निकाल लागेल तेव्हा, दोषी ठरो वा निर्दोष सुटो, तीही बातमी त्याच पानावर द्यावी.

आपला,
मंडळीचा एक माजी खजिनदार, मिरज