मल्टीस्टेटच्या दप्तराची तपासणी जिल्ह्यात कोण करणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील मल्टीस्टेट पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींविषयी आपल्या दैनिकात सातत्याने बातम्या प्रसिद्ध होत आहेत. संचालकांना अटक झाली की नाही, कोणाची मालमत्ता जप्त झाली आणि ठेवीदारांचा मोर्चा कोणत्या कार्यालयावर गेला, यावर त्यांचा भर असतो आणि तो स्वाभाविकही आहे. सहकार खात्याच्या लेखापरीक्षण विभागात नोकरी झाल्यामुळे मला मात्र त्याआधीचा एक प्रश्न विचारावासा वाटतो. संस्थेच्या शाखांना कुलूप लागण्यापूर्वी तिचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार आपल्या जिल्ह्यांत कोणाला होता?

व्यवहारात तो जवळजवळ कोणालाच नव्हता. सहकारी संस्था हा राज्यघटनेनुसार राज्य सूचीतील विषय असला, तरी एकापेक्षा अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेली, म्हणजेच मल्टीस्टेट, संस्था 2002 च्या बहुराज्य सहकारी संस्था अधिनियमाखाली जाते आणि तिचे नियंत्रण नवी दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे असते. व्यक्ती सभासद असलेल्या अशा संस्थेच्या नोंदणीसाठी संबंधित प्रत्येक राज्यातील किमान 50 व्यक्तींच्या सह्या अर्जावर लागतात. उदगीर, देगलूर, उमरगा या तालुक्यांतील सोयरिकी पूर्वीपासून बीदर-निजामाबादपर्यंत पोहोचलेल्या असल्यामुळे सीमेपलीकडच्या 50 सह्या मिळवणे ही इकडे फारशी अवघड बाब नाही. एवढ्या सोपस्कारानंतर संस्था जिल्हा उपनिबंधकांच्या कक्षेतून बाहेर पडते. मात्र तिचे ठेवीदार, कर्जदार आणि संचालक एकाच तालुक्यात राहतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने आपल्याकडील एका मल्टीस्टेटची ठेव पावती मला दाखवली होती. रक्कम, मुदत, व्याजदर, मुदतीअंती मिळणारी रक्कम, दोन सह्या आणि गोल शिक्का असे सारे तिच्यावर व्यवस्थित होते. माथ्यावर संस्थेच्या नावाखाली ठसठशीत अक्षरांत ‘भारत सरकारच्या सहकार मंत्रालयाकडे नोंदणीकृत’ असे छापलेले होते आणि बाईंनी ती ओळ सरकारची हमी म्हणून वाचली होती. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, ही गोष्ट पावतीवर कोठेही नव्हती आणि पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटानेही, जो त्यांच्याच गल्लीतला मुलगा होता, ती कधी सांगितली नव्हती. पैसे मिळेनासे झाल्यावर त्यांनी सहकार खात्याच्या कार्यालयात अर्ज दिला. ‘सदर संस्था बहुराज्यीय असल्याने आपला अर्ज या स्तरावर दप्तरी दाखल करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, म्हणजे कार्यवाहीविना तो अर्ज बंद झाला. ज्या लिपिकाने ते टंकलिखित केले, त्याची यात काहीच चूक नाही.

अशा वेळी ठेवीदारांना हमखास ऐकवले जाते की जादा व्याजाच्या हव्यासापायी तुम्ही बुडालात. हा आरोप मला अर्धवट वाटतो. बीड, धाराशिव, नांदेड येथील जिल्हा मध्यवर्ती बँकांची आर्थिक घडी विस्कटल्यावर गावपातळीवरील बचतीला जवळचे आणि ओळखीचे ठिकाण उरले नव्हते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत पासबुक भरून घेण्यासाठी अर्धा दिवस मोडतो आणि पतसंस्थेचा माणूस दारात येऊन पैसे नेतो, हे कोरडवाहू शेतकऱ्यासाठी व्याजाच्या दराइतकेच मोठे आकर्षण होते. त्यातच शाखेच्या उद्घाटनाची फीत कापायला आमदार-खासदार आलेले असतील, तर दुसरी कोणती चौकशी सामान्य माणसाने करायची?

संस्था बुडाल्यानंतरचे कायदे आपल्याकडे कमी नाहीत. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणून ओळखतात, मालमत्ता जप्त करून ती विकण्याची तरतूद करतो. पण त्यातील सक्षम प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा असतो आणि त्याच्यामागे महसुलाची, निवडणुकीची, दुष्काळाची आणि अतिवृष्टीची कामे असतात. केंद्राचा 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांना बंदी घालणारा कायदा तर आणखी विचित्र वळणावर थांबतो. मल्टीस्टेट संस्थांनी मताधिकार असलेल्या सभासदांकडून घेतलेल्या ठेवी त्याने नियंत्रित म्हणून मान्य केल्या आहेत, म्हणजे बंदीच्या बाहेर ठेवल्या आहेत. आपल्याकडे मात्र किरकोळ रक्कम भरून घेऊन नाममात्र सभासद करायचे आणि ठेव स्वीकारायची, अशी सर्रास पद्धत आहे. या सभासदाला मत नसते, सर्वसाधारण सभेची नोटीसही येत नाही. कोणाच्या ठेवी कोणत्या सदरात मोडतात, हे शाखेतील सभासद नोंदवही उघडल्याशिवाय कळणार नाही आणि ती उघडणारा अधिकारी दिल्लीत बसलेला असतो.

2023 च्या दुरुस्तीने सहकार लोकपाल नेमला गेला आणि 500 कोटींहून अधिक उलाढाल किंवा ठेवी असलेल्या संस्थांना समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे व्यवहार चालू असतानाच होणारी हिशेब तपासणी, लागू झाले. या सुधारणांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि लोकपाल तक्रार आल्यावर काम करतो, आणि ठेवीदार तक्रार करतो ती पैसे मिळेनासे झाल्यावर. 500 कोटींच्या खालच्या संस्था तर या लेखापरीक्षणातून सुटतातच. सहारा समूहाच्या चार मल्टीस्टेट संस्थांच्या ठेवीदारांसाठी जुलै 2023 मध्ये परतावा पोर्टल सुरू झाले, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 5,000 कोटी रुपये केंद्रीय निबंधकांकडे वर्ग करावे लागले आणि सुरुवातीला प्रत्येकाला मिळाले ते 10,000 रुपयांपर्यंतच. आपल्याकडच्या संस्थांमागे तर वर्ग करण्यासाठी अशी कोणती रक्कमही नाही.

माझी सूचना नव्या कायद्याची नाही. 2002 च्या अधिनियमाच्या कलम 4 मध्येच अशी तरतूद आहे की, नोंदणीचा अधिकार वगळता केंद्रीय निबंधकांचे इतर अधिकार केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनाही देऊ शकते. शाखांच्या तपासणीचा अधिकार या तरतुदीखाली जिल्हा उपनिबंधकांना का देऊ नये? असे केल्यास जिल्ह्यातील सत्ताधारी नेते विरोधकांच्या संस्थांवर हेच अधिकारी सोडतील, असा आक्षेप घेतला जाईल. खात्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून सांगतो, हा आक्षेप पोकळ नाही. कोणाच्या कारखान्याची चौकशी कोणत्या निवडणुकीआधी लागते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यावर उपाय एवढाच की तपासणीचे वेळापत्रक वर्षारंभी जाहीर व्हावे, ते सर्व संस्थांना सारखे लागू असावे आणि अहवाल शाखेच्या दर्शनी भागात मराठीत लावला जावा. त्याचबरोबर या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नाही, हे वाक्य प्रत्येक पावतीवर संस्थेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. त्याला सरकारचा एक रुपयाही लागत नाही.

राजकीय अडचण मात्र खरी आहे. पतसंस्था ही आपल्या भागात केवळ वित्तसंस्था नसते. शाखा व्यवस्थापकापासून पिग्मी एजंटापर्यंत तिची माणसे निवडणुकीत बूथ सांभाळतात आणि कर्ज कोणाला द्यायचे यावर गावातील गट ठरतात. त्यामुळे ठेवीदारांच्या मोर्चाला पाठिंबा देण्यात सर्व पक्ष पुढे असतात, पण तपासणीचा विषय निघाला की राज्याचे प्रतिनिधी केंद्राकडे बोट दाखवतात आणि केंद्राचे प्रतिनिधी राज्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे. मराठवाड्यातील खासदारांनी कलम 4 खालील अधिसूचनेविषयी लोकसभेत लेखी प्रश्न विचारावा आणि सहकार मंत्रालयाचे उत्तर आले की आपण ते शब्दशः प्रसिद्ध करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापरीक्षक, सहकार खाते
अंबाजोगाई, जि. बीड