थ्रस्टर कुठे लावायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या व्हिडिओ गेमविषयी आलेला लेख वाचला. डोळे, झोप, अभ्यास यांबद्दल त्यात जे म्हटलं आहे ते मला मान्य आहे. पण 'रोबो बनवून एकमेकांवर गोळ्या झाडण्याचे खेळ' असं म्हणून एका ओळीत ज्यांची बोळवण केली आहे, त्या खेळांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. माझा स्वतःचा डिप्लोमा चालू होता तेव्हापासून मी 'रोबोक्राफ्ट' खेळले आहे. त्यातली लढाई मला कधी फारशी आवडली नाही, पण त्या लढाईसाठी जे यंत्र बांधावं लागतं त्याने मला खूप काही दिलं.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरातल्या फ्रीजॅम नावाच्या कंपनीने हा खेळ २०१४ मध्ये खुला केला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. खेळायला पैसे पडत नसत. 'बांधा, चालवा, लढा' हे त्याचं ब्रीद. गॅरेजमध्ये शिरायचं, ठोकळ्याला ठोकळा जोडत बॉट, म्हणजे आपला रोबो, उभा करायचा, तिथल्या तिथे चालवून बघायचा आणि मग मैदानात उतरायचं. प्रत्येक ठोकळ्याला वजन असायचं. शिवाय बॉटवर किती सामान चढवता येईल याला मर्यादा होती, तिला 'सीपीयू' म्हणत. म्हणजे हवं तेवढं सगळं लावता यायचं नाही. बंदूक मोठी घेतली तर चाकं कमी होणार, चिलखत जाड केलं तर पंख लहान होणार. कारखान्यात ज्याने एकदा तरी यंत्राचं डिझाइन केलं आहे त्याला ही ओढाताण नवी नाही. तेरा-चौदा वर्षांची पोरं ती खुशीने करत बसायची.

बॉटला हलवणारे भाग हा या खेळाचा गाभा. सर्वांत सोपी चाकं. वळणारी चाकं वेगळी, साधी वेगळी. मुलं आधी उंच, रुबाबदार बॉट बांधतात, चाकं जवळजवळ लावतात आणि पहिल्याच वळणावर तो आडवा होतो. मग ती चाकं रुंदावर नेतात, बंदूक खाली आणतात, जड ठोकळे तळाशी हलवतात. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. रणगाड्याचे पट्टे निवडले तर वळण्याची रीतच बदलते, कारण पट्टा तिरपा होत नाही. एका बाजूचा पुढे आणि दुसऱ्या बाजूचा मागे फिरवला की बॉट जागच्या जागी गर्रकन फिरतो. आमच्याकडे महामार्गाच्या कामावर पोकलेन अगदी असाच वळतो.

माझा सर्वांत आवडता भाग थ्रस्टर. दिसायला नळकांडं, काम एकच, ठरलेल्या एका दिशेने ढकलणं. पण ते ढकलणं बॉटवर नेमकं कुठे लागू होतं यावर पुढचं सगळं अवलंबून. थ्रस्टरच्या जोराची रेषा बॉटच्या गुरुत्वकेंद्रातून, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं धरतात आणि आम्ही वर्गात ज्याला सीजी म्हणतो त्या बिंदूतून, गेली तर बॉट सरळ पळतो. रेषा सीजीच्या खालून गेली तर नाक वर उचललं जातं. वरून गेली तर नाक जमिनीत. डावीकडे सरकली तर बॉट उजवीकडे वळत राहतो, कितीही सावरा. बल गुणिले लंब अंतर म्हणजे मोमेंट, म्हणजेच वस्तूला फिरवणारा परिणाम, ही व्याख्या माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असते. गणितं सोडवताना मात्र अंतर कुठून कुठवर धरायचं इथे निम्मा वर्ग अडखळतो. जी मुलं असे खेळ खेळलेली असतात ती इथे अडखळत नाहीत, हे मी पुनःपुन्हा पाहिलं आहे. लंब अंतर त्यांनी गॅरेजमध्ये थ्रस्टर एक ठोकळा वर, एक ठोकळा खाली करत स्वतः शोधलेलं असतं.

होव्हर ब्लेडबद्दल जरा जास्त लिहिते, कारण त्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते. हे ब्लेड बॉटला जमिनीपासून ठरावीक उंचीवर तरंगत ठेवतं. चार कोपऱ्यांना दूर दूर लावली तर बॉट स्थिर राहतो. मधोमध गोळा केली तर झुलतो, आणि फार कलला की वर उचलणारा जोरच तिरका होऊन बॉट कोसळतो. जमिनीला काहीच टेकलेलं नसल्यामुळे वळताना तो बाहेरच्या बाजूला घसरत जातो आणि थांबवायला उलटा जोर द्यावा लागतो. हवेच्या गादीवर तरंगत जाणाऱ्या खऱ्या होव्हरक्राफ्टचं नेमकं हेच आहे. सर ख्रिस्तोफर कॉकरेल यांच्या कल्पनेवर बांधलेल्या एसआर-एन१ या यानाने २५ जुलै १९५९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली. ते बांधलं गेलं आइल ऑफ वाइट बेटावर, म्हणजे पोर्ट्समथच्या समोर, चिंचोळ्या समुद्रापलीकडे. त्या बेटावरचं राइड आणि पोर्ट्समथचा साउथसी किनारा यांच्यामध्ये आजही प्रवाशांना नेणारं होव्हरक्राफ्ट धावतं. आणि इकडे आपल्या संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तटरक्षक दलासाठी सहा होव्हरक्राफ्ट बांधण्याचा करार गोव्याच्या चौगुले कंपनीशी केला आहे. खेळातलं ब्लेड जादूने तरंगतं. खऱ्या यानात पंख्याने हवा खाली कोंडून, भोवती लवचिक झालर लावून ती अडवून धरावी लागते, आणि त्या हवेचा दाब गुणिले तळाचं क्षेत्रफळ हे यानाच्या वजनाइतकं भरावं लागतं. हा फरक मुलांना सांगायला शिक्षक हवाच. पण तो ऐकायची भूक खेळाने आधीच लावलेली असते.

बाकीचे भाग भराभर सांगते. विमानाचे पंख वेग असेल तरच उचलतात, वेग गेला की बॉट दगड. हेलिकॉप्टरची पाती जागच्या जागी वर नेतात. हेलियमचे भाग थ्रस्टर बंद असला तरी वर ओढत राहतात, त्यामुळे ते लावताना सीजीच्या वर लावायचे, नाहीतर बॉट उलटा. किड्याचे पाय भिंतीला धरून चढतात. यंत्रमानवाचे पाय उडी मारतात. घसरपट्ट्यांना, म्हणजे बर्फावर घसरायच्या स्कीसारख्या पट्ट्यांना, स्वतःचा जोर नसतो, त्यांना थ्रस्टरची जोड लागते.

आता लढाईचं. लेखात ज्याला नुसती हाणामारी म्हटलं आहे तिथे काय घडतं बघा. रोबोक्राफ्टमध्ये गोळी लागली की बॉट एकदम नाहीसा होत नसे. ठोकळे एकेक तुटत, आणि ज्या तुकड्याला मूळ धडाशी जोडणारा ठोकळा उडाला तो आख्खा तुकडा गळून पडे. आमच्या अभ्यासक्रमात एक गणित हमखास असतं. पत्र्याच्या तुकड्यातून एक गोल कापून काढला, तर उरलेल्या पत्र्याचा सीजी कुठे सरकेल? उत्तर असं की तो छिद्रापासून दूर, उलट बाजूला सरकतो. मुलं ते सोडवतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. या खेळात तेच गणित हवेत उडताना समोर येतं. डाव्या पंखाचा टोकाकडचा भाग गेला, सीजी उजवीकडे सरकला, थ्रस्टर मात्र होते तिथेच राहिले. आता त्यांची रेषा सीजीच्या डावीकडून जाते आणि विमान उजवीकडे फिरू लागतं. चांगला खेळाडू हे बांधतानाच गृहीत धरतो. एकच मोठा थ्रस्टर मागे लावण्याऐवजी लहान लहान वाटून लावतो, म्हणजे एखादा गेला तरी उरलेले तोल राखतील. चिलखताचे ठोकळे तो अशा तऱ्हेने जोडतो की एका ठिकाणी बसलेला मार धडापर्यंत पोचू नये, पण जोडणीचे रस्तेही एकाहून जास्त राहावेत. या जोडणीला खेळाडू 'ट्रायफोर्सिंग' म्हणायचे आणि त्यावर तासन्‌तास वाद घालायचे. एक भाग निकामी झाला तरी यंत्र चालत राहिलं पाहिजे, हा विचार आम्ही डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला शिकवायला घेतो.

वाईट एवढंच वाटतं की हा खेळ आज कुणाला दाखवता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रीजॅमने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि खेळाचे सर्व्हर बंद झाले. गॅरेजसुद्धा सर्व्हरवरच होतं, त्यामुळे जगभरातल्या मुलांनी बांधलेले बॉट त्याच्याबरोबर गेले. कंपनी बंद पडू शकते, तो व्यवहार आहे. पण जाताना घरच्या संगणकावर एकट्याला बॉट बांधून चालवता येईल एवढं तरी मागे ठेवणं बंधनकारक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेने हीच मागणी लावून धरली आणि तिथल्या नागरिकांच्या याचिकेवर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. आपल्याकडे या विषयावर मराठीत एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. आपण ती लिहावी.

दुसरी विनंती पुरवणीच्या संपादकांना. खेळ चांगला की वाईट हे ठरवण्याआधी तो आतून कसा चालतो यावर जागा द्या. आमच्या विभागाकडे मी 'बिसीज' हा खेळ प्रयोगशाळेतल्या संगणकांवर बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. त्यात मध्ययुगीन वेढ्याची यंत्रं बांधायची असतात, चाकं, बिजागऱ्या, स्प्रिंगा सगळं आहे, आणि तो इंटरनेटशिवाय चालतो, हे आमच्याकडे फार महत्त्वाचं. प्रस्ताव मंजूर झाला तर सीजीचा धडा मी फळ्याऐवजी तिथे सुरू करणार आहे. पहिलं काम असेल, चालत्या गाडीचं एक चाक काढा आणि ती कुठल्या बाजूला ओढते ते आधी कागदावर लिहा, मग चालवा. पुरवणीच्या प्रतिनिधींना त्या तासाला येऊन बसायचं असेल तर अवश्य यावं.

आपली,
मेकॅनिक्सची एक अधिव्याख्याती, कराड