शोभेच्या माशांच्या खाद्यातील जीवनसत्त्वांकडे होणारे दुर्लक्ष

माननीय संपादक,

शोभेच्या माशांविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात पाण्याचे तापमान, सामू, फिल्टर आणि औषधे यांची सविस्तर चर्चा असते. खाद्याचा विषय मात्र ‘थोडे थोडे द्यावे, उरलेले काढून टाकावे’ एवढ्यावर उरकला जातो. पाकीट घेतानाही बहुतेक जण प्रथिनांची टक्केवारी पाहतात, फार तर रंग खुलवणारे खाद्य आहे का हे विचारतात. वाढ खुंटणे आणि पैदास फसणे या दोन्ही तक्रारींमागे अनेकदा जीवनसत्त्वांची कमतरता असते, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड राहते. त्याबद्दल हे पत्र.

क जीवनसत्त्वाचेच पाहू. गप्पी, मॉली, एंजल, गोल्डफिश यांसह बहुतेक अस्थिमत्स्यांच्या शरीरात ते तयार करणारे शेवटच्या टप्प्याचे विकर (एन्झाइम) नसते, म्हणून माणसाप्रमाणेच त्यांनाही ते अन्नातूनच मिळवावे लागते. हाडे, कूर्चा आणि त्वचा यांना बळकटी देणारे कोलॅजन त्याच्याशिवाय नीट घडत नाही. साहजिकच सर्वाधिक फटका झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांना बसतो. टाकीत वरून पाहिले असता पिल्लाचा कणा शेपटीकडे जाताना इंग्रजी ‘एस’सारखा वळलेला दिसतो, बाजूने पाहिल्यास कल्ल्यावरचे झाकण आखूड राहून आतली लाल कल्ले उघडी पडलेली दिसतात, असे पिल्लू खाद्यापर्यंत पोहोचण्यात मागे पडते आणि आणखीच खुरटते. वाकलेला प्रत्येक कणा याच कारणाने वाकतो असे नव्हे. जवळच्या नात्यातील संकर आणि माशांचा क्षयरोग यांमुळेही हेच लक्षण दिसते. परंतु एकाच वेळच्या पिलावळीत बरीच पिल्ले अशी निघाली, तर आधी खाद्याचे पाकीट तपासावे हे उत्तम.

पाकीट तपासायचे ते यासाठी की, साधे क जीवनसत्त्व अत्यंत नाजूक असते. खाद्य तयार होताना लागणाऱ्या उष्णतेत त्याचा काही भाग जातो, पुढे हवा, प्रकाश आणि दमटपणा यांमुळे ते घटत राहते, आणि पाण्यात विरघळणारे असल्याने पातळ फ्लेक पृष्ठभागावर तरंगत असतानाच त्यातून निसटू लागते. स्वस्त पडते म्हणून मोठा डबा घ्यायचा आणि तो टाकीच्या दिव्याशेजारी झाकण सैल ठेवून महिनोन् महिने वापरायचा, ही सवय म्हणूनच महागात पडते. फॉस्फेटशी जोडलेले क जीवनसत्त्व बरेच टिकाऊ असते आणि चांगल्या खाद्यांत तेच वापरतात.

प्रजननाच्या बाबतीत ई जीवनसत्त्वाचे महत्त्व विशेष आहे. 1922 मध्ये इव्हान्स आणि बिशप या अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत ते शोधले, तेही गर्भ टिकण्यासाठी आवश्यक असलेला अन्नघटक म्हणूनच. माशांच्या अंड्यातील पीतकात, म्हणजे बलकात, असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती खवट होण्यापासून वाचवण्याचे काम ई जीवनसत्त्व करते. ते अपुरे असल्यास अंड्यांची संख्या, फलन, उबवण आणि पिल्लांचे जगणे या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. एंजलच्या जोडीने पानावर घातलेली अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडली की दोष नराला किंवा बुरशीला दिला जातो. मादीला गेले काही आठवडे काय खाऊ घातले होते, हा प्रश्न क्वचितच निघतो.

खरे तर तोच प्रश्न आधी निघायला हवा, कारण पिल्लू स्वतः खाऊ लागेपर्यंत त्याची सारी शिदोरी आईने पीतकात भरून ठेवलेली असते. गप्पीसारख्या पिल्ले देणाऱ्या माशांतही पीतक मुख्यतः फलनापूर्वीच साठते. अंडी दिसल्यावर किंवा पोट फुगल्यावर सुरू केलेला सकस आहार त्या खेपेपुरता उशिराच ठरतो. बाल्टिक समुद्रातील सामन माशांची पिल्ले पीतक संपण्याआधीच मोठ्या प्रमाणावर मरू लागल्याचे 1974 मध्ये नोंदले गेले. पुढे त्यामागे मादीतील ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता असल्याचे स्पष्ट झाले. काही कच्च्या माशांत आणि शिंपल्यांत हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, म्हणून केवळ कच्च्या मासळीवर मोठे मांसाहारी शोभेचे मासे पोसणाऱ्यांनीही याची दखल घ्यावी.

मात्र याचा अर्थ माणसांसाठीचे थेंब किंवा गोळ्यांची पूड टाकीत टाकावी असा मुळीच नाही. अ जीवनसत्त्व मेदात साठते आणि त्याच्या अतिरेकानेही पिल्लांच्या मणक्यांत विकृती येऊ शकते. म्हणजे उपाय म्हणून जे केले, त्यातूनच तसाच वाकलेला कणा पदरात पडायचा. ताजे, बंद डब्यातले खाद्य, जोडीला डाफ्निया किंवा आर्टेमिया हे पाण्यातील बारीक जीव आणि शाकाहारी माशांसाठी स्पिरुलिना हे शेवाळ, एवढे सामान्यतः पुरेसे असते.

खाद्य उत्पादकांनी पाकिटावर उत्पादनाची तारीख आणि क जीवनसत्त्वाचा प्रकार ठळक छापावा, तसेच प्रजनक माशांसाठीच्या खाद्यात ई जीवनसत्त्वाचे प्रमाण किती आहे तेही स्पष्ट नमूद करावे, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक मत्स्यपालक