रूळ नंतर, आधी तेरावे कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत–मध्यपूर्व–युरोप आर्थिक मार्गिकेवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत ही मार्गिका, म्हणजे भारतातून जहाजाने आखातात आणि तिथून रुळांनी व पुन्हा जहाजाने युरोपला माल नेणारी वाट, जाहीर झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपला जाणारी बहुतेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि नाशिकच्या द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. त्यामुळे जवळच्या वाटेची ओढ इथे सगळ्यांनाच आहे. लेखात मात्र सगळी चर्चा रुळांची, बंदरांची आणि गुंतवणुकीची. वाळवंटातल्या नाक्यावर कंटेनरचे कागद कोण बघणार, सील कोण तोडणार आणि शुल्काची हमी कोण देणार, यावर एक ओळही नाही. आमच्या मते मार्गिकेचे भवितव्य तिथेच ठरणार आहे.

याच पट्ट्यात शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न उंटांच्या काफिल्यांबाबत पडला होता. नज्दच्या (अरबस्तानच्या मध्यभागातल्या प्रदेशाच्या) कासिम भागातले, बुरैदा-उनैझाचे व्यापारी उंट घेऊन दमास्कसपर्यंत आणि पुढे इजिप्तपर्यंत जात. पहिल्या महायुद्धानंतर मधे ब्रिटिशांच्या अखत्यारीतले ट्रान्सजॉर्डन (आजचे जॉर्डन) नावाचे नवे राज्य उभे राहिले आणि ही जुनी वाट एका परक्या हद्दीतून जाऊ लागली. २ नोव्हेंबर १९२५ रोजी नज्दचा सुलतान (पुढे सौदी अरेबियाचा राजा) इब्न सौद आणि ब्रिटिश प्रतिनिधी सर गिल्बर्ट क्लेटन यांनी हद्दा नावाच्या गावी करार केला. त्यातले १३ वे कलम मार्गिकेची भाषणे करणाऱ्यांनी एकदा जरूर वाचावे. नज्दच्या व्यापाऱ्यांना सीरियाकडे जाण्या-येण्याची मोकळीक आणि वाटेतल्या मालाला जकात माफ, असे त्यात ठरले. बदल्यात अटी तीन. काफिल्याने नाक्यावर कस्टमची तपासणी करू द्यायची. व्यापाऱ्याने आपण खरोखर व्यापारी असल्याचा आपल्या सरकारचा दाखला जवळ ठेवायचा. आणि ठरलेल्या वाटेनेच आत शिरायचे, ठरलेल्या वाटेनेच बाहेर पडायचे.

कलम नेटके आहे, पण कागदपत्रांचे काम करणाऱ्याला त्यातली भोके लगेच दिसतात. दाखला माणसाचा आहे, मालाचा नाही. म्हणजे गोण्या किती निघाल्या आणि किती पोचल्या हे ताडून बघायला हातात काही नाही; प्रत्येक नाक्यावर गोणी सोडूनच बघावी लागणार. दुसरे, जकात माफ केली ती माल पलीकडे जाणार या भरवशावर. तो वाटेतच एखाद्या विहिरीवर विकला गेला तर बुडालेली जकात कोणी भरायची, हे कलमात नाही. तिसरे, वाटा कोणत्या ते ‘नंतर ठरवू’ म्हणून सोडून दिले.

मात्र त्याच कलमात एक फार शहाणपणाची सवलतही आहे. ज्या काफिल्यांचा व्यापार फक्त उंटांचा आणि इतर जनावरांचा आहे, त्यांना या अटी लागू नाहीत. कारण उघड दिसते. कापडाचा गठ्ठा नाक्यावर चार दिवस पडून राहील. पाणी-चाऱ्यावाचून कळप राहणार नाही. वाट बघू न शकणाऱ्या मालाला वेगळा नियम हवा, हे त्या करारकर्त्यांना कळले होते.

कुवेतचा अनुभव याच्या उलटा. तिथे मुंबईहून गलबतांनी तांदूळ, कापड, चहा, साखर येई आणि नज्दचे बेदुइन तो माल उंटांवर लादून आत नेत. आपल्या प्रदेशात जाणाऱ्या मालाची जकात कुवेतमध्येच वसूल होते, ती आपल्याला मिळत नाही, ही इब्न सौदची तक्रार होती. कुवेतच्या शेखांनी आपल्या वतीने वसुली करावी, ठरावीक रक्कम द्यावी किंवा आपला माणूस तिथे बसू द्यावा, असे त्याचे म्हणणे. कुवेतचे शासक शेख अहमद यांनी नकार दिला, आणि १९२३ च्या सुमारास इब्न सौदने घातलेली व्यापारबंदी १९३७ पर्यंत टिकली. रीतसर व्यापार करार व्हायला १९४२ उजाडले. वाळू तीच होती, उंट तेच होते, विहिरीही त्याच. अडले ते जकातीच्या हिशोबावर.

आता आजचा कंटेनर घ्या. प्रस्तावित वाट अमिरातीतून सौदीत, रियाधवरून जॉर्डनच्या सीमेवर आणि तिथून इस्रायलच्या हैफा बंदरात जाते. म्हणजे जमिनीवर तीन सीमा. सौदीचा रूळ आज जॉर्डन सीमेजवळच्या कुरय्यातपर्यंत पोचलेला आहे; हद्दा करारात ज्या काफ गावाचा उल्लेख आहे ते याच भागात. जॉर्डनमध्ये जुनी रेल्वे १०५० मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) आणि सौदीची १४३५ ची, त्यामुळे नवा रूळ पडेपर्यंत पुढचा टप्पा ट्रकनेच. आखाती देशांची कस्टम्स युनियन (सामाईक जकात-व्यवस्था) २००३ पासून आहे, पण जॉर्डन तिच्यात नाही.

कलमातली पहिली दोन भोके बुजवण्याचे साधन मात्र आज तयार आहे. टीआयआर या आंतरराष्ट्रीय मालवाहतूक कराराच्या पद्धतीत मालाची यादी, सील आणि शुल्काची हमी एकाच कार्नेटमध्ये (सगळ्या सीमांवर चालणाऱ्या कागदात) येते. माल वाटेत गायब झाला तर त्या देशातली हमीदार संस्था शुल्क भरते. भारत २०१७ मध्ये यात आला. अमिरात, सौदी, जॉर्डन आणि इस्रायल हे चौघेही सदस्य आहेत. प्रवासाचा काही भाग रस्त्याने झाला पाहिजे एवढी अट आहे, आणि ती इथे आपोआप पुरी होते.

पण टीआयआर शेतमालाला पुरत नाही. कस्टमने सील मान्य केले तरी वनस्पती-तपासणीसाठी दार उघडण्याचा अधिकार प्रत्येक देशाकडे राहतोच, आणि द्राक्षाचे नुकसान तिथेच होते. निर्यातीचे द्राक्ष शून्य ते एक अंशापर्यंत थंड करून वीस पॅलेटवर भरले जाते. खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड असतो आणि तो ओलाव्यावर काम करतो. वाटेत दार उघडले की बाहेरची गरम हवा आत जाते, थंड मण्यांवर दव धरते, पॅड ठरल्यापेक्षा जोरात वायू सोडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. पॅड असा लवकर संपला की पुढच्या आठवड्यात बुरशीला रान मोकळे. युरोपात पेटी उघडल्यावर दोष पॅकहाऊसवर (माल भरणाऱ्या केंद्रावर) येतो, कारण दार कोणत्या नाक्यावर उघडले याची नोंद कोणाकडेच नसते. कंटेनर थंड ठेवणाऱ्या जेनसेटचे (जनरेटरचे) डिझेल संपण्याचा धोका वेगळाच. नाक्यावरच्या रांगेत उभ्या ट्रकला रीफरचा (थंड कंटेनरचा) विजेचा प्लग मिळेलच असे नाही.

म्हणून जिल्ह्यातल्या खासदारांनी आणि निर्यातदार संघटनांनी वाणिज्य मंत्रालयाकडे रुळांच्या आधी हे मागावे. पॅकहाऊसवर लागलेले आपले ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) तिन्ही सीमांवर वाचता यावे आणि मान्य व्हावे. नाशवंत मालाचे दार वाटेत उघडायचे नाही; संशय आलाच तर आधी तापमानाच्या लॉगरची नोंद आणि स्कॅनर. तरीही उघडावे लागले तर जागा, वेळ आणि नवे सील क्रमांक लिहून कार्नेटवर शिक्का. प्रत्येक नाक्यावर रीफरसाठी वेगळी रांग आणि विजेचे प्लग. आणि नाके कोणते ते करारातच नावानिशी लिहावेत, ‘नंतर ठरवू’ नको.

चाचणीचा पहिला कंटेनर द्राक्षाचा नसावा. बेदाणा पाठवावा: दार चारदा उघडले तरी माल टिकतो, रीफर लागत नाही, आणि किती वेळ कुठे गेला ते कळते. त्यानंतर उन्हाळ कांदा, कंटेनरची हवेची झडप उघडी ठेवून. हे दोन्ही ठरल्या दिवसांत पोचले की मग जानेवारीत द्राक्ष.

आपले,
निर्यात कागदपत्रांचे काम करणारे काही वाचक, नाशिक